घरात पाऊस पडत नाही: कोकणातलं पाणी आणि खोलीत वाढणारी झाडं

मातीविना, पाण्यावर भाजी वाढवण्याचे संच आता रत्नागिरी-कणकवलीतही घरपोच येतात. पांढरे पाइप, जांभळट दिवा, बाटलीतली खतं आणि सोबत पेनाएवढा एक मीटर. मीटर विहिरीच्या पाण्यात बुडवला की क्षारांचा आकडा दिसतो. कुणाकडे १८०, कुणाकडे ४२०, खाडीकाठच्या वाडीत ९००. आणि मग सल्ले सुरू होतात. विकणारा म्हणतो, आरओ बसवा. व्हिडिओतला माणूस म्हणतो, पाणी शून्यावर आणा, मग खत घाला. शेजारी म्हणतात, पाचशेच्या आत आहे ना, मग झालं. आणि घरातली आजी म्हणते, याच पाण्यावर अख्खं नारळीचं आगर उभं राहिलं, तुमच्या चार पानांना काय धाड भरली आहे?

या सगळ्यांत आजीचा प्रश्न सर्वांत चांगला आहे. उत्तर तिथूनच सुरू करू.

नारळाला चालतं, मग लेट्युसला का नाही?

एक कारण सरळ आहे. नारळ हे किनाऱ्याचंच झाड, खारेपणा सोसण्यात ते तरबेज. लेट्युस तसं नाही. जमिनीतल्या क्षारांची पिकागणिक सहनमर्यादा ठरलेली असते, तिच्या पलीकडे उत्पन्न घटायला लागतं. घेवड्याची मर्यादा १, लेट्युसची १.३, पालकाची २, टोमॅटोची २.५. हे आकडे ‘ईसी’चे (डेसीसिमेन्स प्रति मीटरमध्ये) आहेत, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते त्याचे. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही. क्षार विरघळलेले असतील तर वाहते, आणि जितके क्षार जास्त तितकी जास्त. म्हणून ईसी हे क्षारांचं माप.

पण खरं कारण दुसरंच आहे. किनारपट्टीवर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. फेब्रुवारी ते मे आपण आगराला जे मचूळ पाणी शिंपतो, त्यातलं मीठ मातीत साठतं हे खरं, पण जून उजाडला की चार महिने वरून गोडं पाणी ओतलं जातं आणि ते मीठ मुळांच्या खाली धुऊन जातं. दर वर्षी जमिनीची पाटी कोरी होते. आगर उभं राहिलं ते विहिरीच्या पाण्याच्या बळावर जितकं, तितकंच पावसाच्या धुण्यावर.

खोलीतल्या रॅकवर पाऊस पडत नाही. बादलीतून जे आत आलं ते टाकीत राहतं, तुम्ही स्वतः उपसून फेकेपर्यंत.

हिशोब करून बघा. वीस लिटरची टाकी आहे आणि झाडं रोज दोन लिटर पाणी पितात. झाड पाणी पितं म्हणजे पानांतून वाफ करून सोडतं, आणि वाफेबरोबर मीठ जात नाही. तुम्ही रोज दोन लिटर भर घालता, त्या पाण्यात दर लिटरला ३५० मिलिग्रॅम क्षार आहेत. म्हणजे रोज ७०० मिलिग्रॅम क्षार टाकीत शिरले, लिटरमागे ३५. वीस दिवसांत लिटरमागे ७०० वाढले, सुरुवातीचे ३५० धरून १०५०. यातलं थोडं झाडाने उचललं असेल, पण सोडियमसारखं त्याला नको असलेलं बहुतेक तसंच मागे राहतं. लिटरमागे साधारण ५०० मिलिग्रॅम म्हणजे ईसी १ धरली, तर नुसत्या या फुकटच्या क्षारांनी ईसी दोनच्या आसपास गेली, आणि खत अजून हिशोबात धरलेलंच नाही.

पाण्यात उभं राहून झाड सुकतं कसं?

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात तळाशी पाणी सुटतं. मीठ बाहेर, पाणी आत, आणि पाणी खाऱ्या बाजूकडे ओढलं जातं. मुळाचंही तेच. एरवी मुळातला रस बाहेरच्या पाण्यापेक्षा थोडा दाट असतो, म्हणून पाणी बाहेरून आत येतं. टाकीतलं पाणी दाट होत गेलं की ही ओढ कमी कमी होते. मग मुळं पाण्यात बुडालेली असूनही दुपारी पानं माना टाकतात. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडतंय, तो आणखी तेच पाणी ओततो.

दाटपणाशिवाय दुसरा त्रास म्हणजे क्लोराइड आणि सोडियमचा. पाण्याबरोबर ते वर चढतात आणि पानांच्या कडेला साठतात. जुनी, बाहेरची पानं आधी कडेने करपतात.

मीटर किती ते सांगतो, काय ते सांगत नाही

संचाबरोबर येणाऱ्या पेनाला टीडीएस मीटर म्हणतात. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांचं वजन, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, बोलीभाषेत पीपीएम. गंमत अशी की मीटर वजन करतच नाही. तो ईसीच मोजतो आणि एका ठरलेल्या आकड्याने गुणून पीपीएम दाखवतो. तो आकडा सगळीकडे सारखा नाही. काही मीटर ईसी १ ला ५०० पीपीएम म्हणतात, काही ७००. तेच पाणी, दोन मीटर, दोन आकडे. म्हणून शक्य असेल तर मीटर ईसीवर ठेवून वाचावा. भांडण मिटतं.

आता त्याहून महत्त्वाचं. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातलं क्लोराइड सुमारे १९ ग्रॅम आणि सोडियम पावणेअकरा. शंभर लिटर गोड्या पाण्यात फक्त एक लिटर समुद्र मिसळला तरी टीडीएस ३५० ने वाढतो, क्लोराइड १९० ने, सोडियम १०८ ने. याउलट काळ्या कातळात खोल गेलेल्या एखाद्या बोअरवेलचा टीडीएसही ३५० असू शकतो, पण त्यात मुख्यतः कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट असतं. कॅल्शियम-मॅग्नेशियम हे झाडाचं अन्नच आहे. मीटरवर दोन्ही पाणी जुळं दिसतं. टाकीत पहिलं महिन्याभरात झाडं मारतं, दुसऱ्यात थोडं आम्ल घातलं की काम भागतं.

जिभेवरही विसंबता येत नाही. मिठाची चव पाण्यात लागायला क्लोराइड लिटरला २००-३०० मिलिग्रॅमच्या घरात जावं लागतं. शेतीच्या पाण्यात क्लोराइडची काळजी सुरू होते ती १४० पासून, आणि पाणी फिरवून फिरवून वापरणाऱ्या बंद टाकीत त्याहून आधी. म्हणजे गोड लागणारं पाणीसुद्धा झाडाला खारं असू शकतं.

यूट्यूबवरचे तक्ते कुणासाठी लिहिलेले असतात?

दिव्याखाली झाड वाढवताना पाणी कसं असावं, यावर जगात सर्वांत बारकाईने कुणी लिहिलं असेल तर ते गांजा वाढवणाऱ्यांनी. महाग पीक, बंद खोली, त्यामुळे थेंबाथेंबाचा हिशोब. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत प्रौढांना घरी मोजकी झाडं लावण्याची मुभा आहे, आणि तिथल्या-अमेरिकेतल्या खतवाल्यांचे तक्ते भाषांतरित होऊन आपल्यापर्यंत पोचतात. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं गुन्हा आहे. कुंडीत एक असलं तरीही. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. त्यामुळे हा लेख लेट्युस, पालक, तुळस आणि शोभेच्या झाडांपुरता आहे.

पण ते तक्ते आपल्या माथी कसे बसतात हे समजून घेणं उपयोगाचं. एक तर ते जास्त खादाड पिकासाठी लिहिलेले असतात. लेट्युसच्या द्रावणाची ईसी ०.८ ते १.२ पुरते. दुसरं, त्यांच्या नळाचं पाणी बऱ्याच ठिकाणी चुनखडीचं, जड. ‘पाण्यात कॅल्शियम आहेच’ असं धरून केलेलं खत आपल्या जांभ्याच्या विहिरीतल्या हलक्या पाण्यात घातलं तर कॅल्शियम कमी पडतं. तिसरं, पीपीएम ५०० चा की ७०० चा हे तक्त्यावर लिहिलेलं नसतं. त्या तक्त्यातलं एक मात्र जसंच्या तसं घ्यावं: द्रावणाचा सामू, म्हणजे पीएच, ५.५ ते ६.५ (सामूचा अर्थ पुढे येतो).

खाडीकाठची विहीर मे महिन्यात का बदलते?

ऑक्टोबरात गोड असलेली विहीर मे महिन्यात मचूळ होते, हे कोकणात कुणाला सांगायला नको. का होते हे मात्र सांगायला हवं, कारण पंप कसा चालवावा ते त्यावर ठरतं.

किनाऱ्याच्या जमिनीखाली गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. खारं पाणी फक्त अडीच टक्क्यांनी जड असतं. या छोट्याशा फरकावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका डच अभियंत्याने आणि १९०१ मध्ये एका जर्मन अभियंत्याने स्वतंत्रपणे एक नियम काढला. तो दोघांच्या नावाने, घायबेन-हर्झबर्ग म्हणून ओळखला जातो. समुद्रपातळीच्या वर भूजल एक मीटर असेल, तर खाली गोडं पाणी साधारण चाळीस मीटर खोल असतं. ऐकायला छान वाटतं, पण उलट वाचा: उपसून पातळी एक मीटर खाली आणली, तर खारं पाणी हळूहळू चाळीस मीटर वर यायला मोकळं.

हा नियम वाळूत चांगला लागू पडतो, म्हणजे गुहागर किंवा दिवेआगरसारख्या पुळणीमागच्या आगरात. जांभा आणि कातळात पाणी भेगांतून पळतं, त्यामुळे तिथे नियम कोलमडतो आणि दोन शेजाऱ्यांच्या विहिरी दोन तऱ्हेच्या निघतात. एकाला गोडं, दुसऱ्याला खारं, आणि मग उगाच देवाला कौल लावला जातो.

यातून हाती लागतं ते असं. पंपाचा फूटव्हॉल तळाला टेकवू नये, वर घ्यावा. गोडं पाणी वरच असतं. एकदम दोन तास उपसण्यापेक्षा थोडं थोडं, थांबून थांबून उपसावं. खाडीला लागून विहीर असेल तर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि मधल्या भांगाला मीटर लावून बघा, फरक दिसतो का. आणि पाणी तपासायला न्यायचं तर नोव्हेंबरात नेऊ नका. त्या वेळी विहीर आपली सर्वांत चांगली बाजू दाखवत असते. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात न्या.

सामू आणि त्याच्या मागची ताकद

सामू हे पाणी किती आम्ल आहे ते सांगतं. ७ मध्यावर, खाली आम्ल, वर अल्क. सामू साडेसहाच्या फार वर गेला की लोह, मँगनीज, फॉस्फरस पाण्यात असूनही मुळांना मिळत नाहीत. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

लोक सामूचा आकडा बघतात आणि घाबरतात. घाबरायचं ते दुसऱ्या गोष्टीला, अल्कलिनिटीला. आम्ल घातलं तरी सामू किती हट्टाने जागेवर राहतो, त्या हट्टाचं माप म्हणजे अल्कलिनिटी, आणि ती मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येते. पावसाच्या पाण्याचा सामू सुमारे ५.६ असतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो; पण हट्ट शून्य. चार थेंब आम्ल घातलं की सामू धाडकन खाली. कातळातल्या बोअरचा सामू ७.८ असेल आणि आम्ल घालून ६ वर आणला तरी दुसऱ्या सकाळी परत ७ च्या वर. बायकार्बोनेट लिटरला ९० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर फारसा ताप नाही. ३०० असेल तर रोजची लढाई.

सामू उतरवायला लिंबू पिळणारे पुष्कळ आहेत. काम होतं, एखाद-दोन दिवस. मग पाण्यातले जिवाणू ते आम्ल खाऊन टाकतात आणि सामू परत चढतो, वर टाकीत बुळबुळीत थर. कोकमाचं आगळ तर अजिबात नको, त्यात आपण मीठ घातलेलं असतं. या कामासाठी पातळ केलेलं फॉस्फरिक आम्ल मिळतं, तेच वापरावं; हातमोजे घालून, आणि आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नव्हे.

आरओ लावला की प्रश्न संपला?

सोडियम-क्लोराइड काढायचं तर घरगुती उपायांत आरओच खरं चालतं, हे आधी मान्य करू. उकळून मीठ जात नाही, उलट दाट होतं. तुरटी गढूळपणा खाली बसवते, क्षार नाही. कँडल फिल्टर आणि यूव्ही जंतूंसाठी आहेत. पाइपाला चुंबक बांधून पाणी ‘मऊ’ करण्याची यंत्रं विकली जातात, त्यांनी सोडियम एक मिलिग्रॅमही कमी होत नाही. आणि गीझर-वॉशिंग मशीनसाठी बसवतात तो सॉफ्टनर तर झाडांचा शत्रू: तो कॅल्शियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम सोडतो.

आरओच्या अडचणी वेगळ्या. घरगुती यंत्र एक लिटर चांगलं पाणी देताना दोन-तीन लिटर टाकून देतं. मेमध्ये विहिरीचा तळ दिसत असताना हे परवडणारं नाही. जे टाकलं जातं त्यात मूळच्या पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात, म्हणून ‘वाया का घालवायचं’ म्हणत ते कुंड्यांना घालू नये. भांडी, फरशी, संडास, तिथे चालेल. तिसरी गोष्ट, आरओचं पाणी कोरं असतं. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम आपण घालायला हवं: कॅल्शियम नायट्रेट आणि एप्सम सॉल्ट. ही दोन्ही दाट द्रावणात एकत्र कालवू नयेत, पांढरा साका बसतो. तोच जिप्सम. खतं ए आणि बी अशा दोन बाटल्यांत येतात ती याचसाठी.

पूर्ण आरओवर जायची बहुधा गरजही नसते. विहिरीचं ९०० चं एक बादली आणि आरओचं २० चं तीन बादल्या मिसळलं तर (९०० + ६०) भागिले ४, म्हणजे २४०. एवढं पुरतं. पण त्या ९०० मध्ये बहुतेक समुद्रच असेल, तर २४० मध्येही समुद्रच आहे, आणि टाकी लवकर रिकामी करावी लागेल हे विसरू नका.

मला विचाराल तर कोकणात आरओ हा शेवटचा पर्याय असावा. पहिला पर्याय डोक्यावर आहे.

पागोळ्यांचं पाणी

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पडवीचं दहा चौरस मीटर छप्पर घ्या. शंभर मिलिमीटरच्या दिवसात, आणि असे दिवस जुलैत नवलाचे नसतात, त्यावरून हजार लिटर उतरतं. गळती-उडती वजा करून आठशे. आता वरचीच टाकी धरा. रोज दोन लिटर, ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत साधारण २४० दिवस, म्हणजे ४८० लिटर. दर तीन आठवड्यांनी वीस लिटर बदलायला आणखी २४० च्या आसपास. एकूण सव्वासातशे. हजार लिटरची एक काळी टाकी पडवीच्या कोपऱ्यात ठेवली की वर्षाचा प्रश्न मिटला, तोही अशा पाण्याने ज्यासाठी बाकीचे लोक यंत्रं विकत घेतात.

पावसाचं पाणी अगदी कोरं नसतं. किनाऱ्यालगत समुद्राचे तुषार वाऱ्याबरोबर येतात, उन्हाळाभर छपरावर मीठ आणि धूळ बसते. म्हणून मृगाचे पाऊस जाऊ द्यावेत, आर्द्रापासून धरावं. आर्द्रातही दर जोराच्या सरीचं पहिलं दहा मिनिटांचं पाणी सोडून द्यावं. कौलांवरचं शेवाळ, पक्ष्यांची घाण, पत्र्याचा गंज गाळायला पन्हळीच्या तोंडाशी दुहेरी कापड. नवा जस्ताचा पत्रा असेल तर पहिला हंगाम त्याचं पाणी झाडांना वापरू नये, आम्लसर पावसात जस्त उतरतं. सिमेंटच्या नव्या टाकीत सामू चढतो. टाकीत उजेड शिरता कामा नये, नाहीतर हिरवं होतं, आणि झाकणाला बारीक जाळी हवीच, नाहीतर डासांची पैदास आपणच करतो.

‘साठवलेलं पाणी कुजणार नाही का?’ अंधारात, गाळून, झाकून ठेवलेलं पाणी झाडांसाठी महिनोन्‌महिने टिकतं. पिण्यासाठी ते वापरायचं असेल तर नियम वेगळे, त्यात या लेखात शिरत नाही.

पानं करपली की दर वेळी पाण्याचा दोष नसतो

पावसाळ्यात एक तक्रार हमखास येते. पाणी पावसाचं, ईसी एक, सामू सहा, सगळं पुस्तकाप्रमाणे, आणि तरी लेट्युसची आतली कोवळी पानं टोकाला तपकिरी पडतात. लोक पाणी बदलतात, खत बदलतात, शेवटी नाद सोडतात.

हा दोष हवेचा आहे. कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढतं, आणि प्रवाह चालतो पानांतून वाफ उडाली तर. जुलैत कोकणातली हवा आधीच पाण्याने गच्च. वाफ उडत नाही, प्रवाह मंदावतो, आणि सर्वांत आत दडलेल्या कोवळ्या पानाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचतच नाही. टाकीत ते भरपूर असून उपयोग नाही. उपाय म्हणजे छोटा पंखा, झाडांच्या वरून हवा हलती ठेवणारा, आणि दिवे थोडे कमी तास.

ओळखायची खूण सोपी. आतली कोवळी पानं टोकाला करपली तर हवा बघा. बाहेरची जुनी पानं कडेने करपली तर पाणी बघा.

बारीकसारीक

नळपाणी योजनेच्या किंवा टीसीएल पावडर टाकलेल्या विहिरीच्या पाण्यात क्लोरीन असतं. उघड्या बादलीत रात्रभर ठेवलं की उडून जातं. एवढंच.

उपसताना काचेसारखं आणि तासाभराने तांबूस, असं पाणी असेल तर त्यात लोह आहे. हवा लागली की त्याचा गंज होतो आणि बारीक नळ्या बुजतात. उंचावरून ओतून, दिवसभर निवळू देऊन वरचं पाणी घ्यावं.

टाकीचं पाणी गरम होऊ देऊ नका. वीस अंशांना लिटरभर पाण्यात साधारण नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तिसाला साडेसात. पाणी जितकं गरम तितका ऑक्सिजन कमी आणि मुळं कुजवणारी बुरशी जोरात. एप्रिल-मेमध्ये टाकी जमिनीवर, सावलीत ठेवा आणि हवेचा छोटा पंप चालू ठेवा. लाइट गेली तर तासातासाने हाताने ढवळावं.

एसीचं पाणी? जवळजवळ कोरंच असतं, पण धुळीतून आणि तांब्याच्या नळ्यांवरून येतं. शोभेच्या कुंड्यांना चालेल, खायच्या पानांना नको.

‘पिण्यालायक’ असा दाखला असेल तर?

तो दाखला माणसासाठी आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतला जातो. क्लोराइड २५० आणि नाइलाज असेल तर १०००. आपल्याला मूत्रपिंडं आहेत, जादा मीठ बाहेर टाकता येतं. लेट्युसला ती सोय नाही.

म्हणून तपासणीला पाणी देताना ‘शेतीसाठी’ असं सांगावं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत, आणि दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आहेच. अहवालात ईसी, सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह हे सात आकडे मागा. ईसी ०.७ च्या आत, क्लोराइड शंभराच्या आत, सोडियम पन्नासच्या आत असेल तर विहिरीचं पाणी सरळ वापरा आणि दर तीन आठवड्यांनी टाकी बदला. सोडियम शंभराच्या पुढे असेल तर तेच पाणी आगराला ठेवा, रॅकसाठी पागोळ्या.

जुनं द्रावण कुठे ओतायचं?

उपसून काढलेल्या पाण्यात नायट्रेट भरपूर असतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, खताच्या द्रावणात ते सहज त्याच्या दहापट असतं. आणि जांभा चाळणीसारखा. विहिरीच्या वरच्या अंगाला बादली ओतली तर तेच पाणी झिरपून परत घागरीत यायला वेळ लागत नाही. विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला नारळ किंवा केळ असेल तर त्याच्या आळ्यात घाला. पावसाळ्यात आळी तुडुंब भरलेली असतात, तेव्हा मोठ्या कुंड्यांत थोडं थोडं जिरवा.